व्हिंटेज पोर्ट

व्हिंटेज पोर्ट हा पोर्तुगालच्या उत्तर भागातील दोरू नदीच्या खोऱ्यात तयार होणाऱ्या पोर्ट या गोड, प्रबलित वाइनचा एक प्रकार आहे. ती एकाच हंगामातील द्राक्षांपासून बनवतात व ती बाटलीतच अनेक दशके मुरते. पिण्यापूर्वी ती गाळ मागे ठेवून दुसऱ्या भांड्यात ओतावी लागते. या क्रियेस डिकँटिंग म्हणतात. त्यानंतर हवेच्या संपर्कामुळे तिचा गंध व चव तासागणिक बदलत जातात.

निर्मिती

दोरू खोऱ्यातील वाइन उत्पादनाचे क्षेत्र १७५६ साली अधिकृतपणे निश्चित करण्यात आले. द्राक्षरसाचे किण्वन चालू असतानाच त्यात सुमारे ७७ टक्के मद्यार्क असलेले द्राक्षांचे ऊर्ध्वपातित मद्य मिसळतात. त्यामुळे यीस्टचे कार्य थांबते आणि फळातील काही साखर शिल्लक राहते. तयार वाइनमध्ये मद्यार्काचे प्रमाण सुमारे २० टक्के असते. सुमारे दोन वर्षे साठवल्यानंतर ती न गाळता बाटलीत भरतात. उत्पादक केवळ उत्तम हंगामातच व्हिंटेज जाहीर करतात; १९६३, १९७७, १९९४ व २०११ ही अशी गाजलेली वर्षे होत.

डिकँटिंग

बाटलीत रंगद्रव्ये व टॅनिन एकत्र येऊन त्यांचा गाळ बनतो. परिणामी वाइनचा रंग फिकट होतो व तुरटपणा सौम्य होतो. आडवी ठेवलेली बाटली किमान एक दिवस आधी उभी करतात, म्हणजे गाळ तळाशी बसतो. नंतर बाटलीच्या मानेमागे दिवा किंवा मेणबत्ती धरून वाइन संथपणे, मध्ये न थांबता ओततात. गाळ मानेपाशी दिसू लागताच ओतणे थांबवतात. जुने बूच ठिसूळ झाले असल्यास तापवलेल्या चिमट्याने मान पकडून तिला थंड, ओले फडके लावतात. त्यामुळे मान बुचाखाली तडकून वेगळी होते.

आस्वादातील बदल

ओतल्यावर लगेच मद्यार्काचा झोंबरेपणा जाणवू शकतो आणि गंध दबलेला वाटतो. साठलेले वास उडून गेल्यावर तरुण पोर्टमध्ये काळ्या बेरी व व्हायोलेट फुलांचे, तर मुरलेल्या पोर्टमध्ये अंजीर, मनुका, सुका मेवा व चामड्याचे गंध स्पष्ट होतात. मात्र हाच प्राणवायू पुढे गंध बोथट करतो व एकदा ओसरलेला गंध परत येत नाही. त्यामुळे वेळेची निवड महत्त्वाची ठरते. तरुण पोर्टला काही तास लागतात. अतिशय जुनी पोर्ट मात्र पिण्याच्या थोडाच वेळ आधी ओतणे सुरक्षित मानले जाते. प्रत्येक बाटलीची स्थिती वेगळी असल्याने, ओतताच एक घोट चाखून नंतर ठरावीक अंतराने पुन्हा चाखणे हा उपयुक्त मार्ग आहे. उघडलेली व्हिंटेज पोर्ट साधारणतः एक ते तीन दिवसांत संपवतात. याउलट, पिंपात हवेच्या संपर्कात मुरलेली टॉनी पोर्ट काही आठवडे टिकते.

गोव्यात पोर्ट वाइन या नावाने विकली जाणारी गोड तांबडी वाइन याहून वेगळी आहे.