वहीतले नाशिक आणि वहीबाहेरचे नाशिक

नाशिकला रामकुंडावर गेलात तर थोडा वेळ एका बाजूला उभे राहून पाहा. दूरच्या गावाहून एखादे कुटुंब अस्थिविसर्जनासाठी किंवा श्राद्धासाठी आलेले असते. त्यांना पहिला प्रश्न विचारला जातो, "गाव कोणते? आडनाव काय?" उत्तरावरून त्या कुटुंबाचे तीर्थोपाध्याय कोण, हे ठरते. मग उपाध्यायांच्या घरच्या वह्यांतून नेमकी वही निघते, पाने उलटली जातात आणि आलेल्या माणसाला त्याच्या पणजोबांचे नाव वाचून दाखवले जाते. कधी कधी तर पणजोबांच्या हातचे अक्षरच समोर येते. आपल्या घराण्याची माहिती परक्या घरात इतकी जपून ठेवलेली पाहून माणूस थक्क होतो.

आपल्यापैकी अनेकजण वर्गात 'माझ्या गावाचा इतिहास' असा प्रकल्प देतात. मुले बहुधा ग्रामदैवताची आख्यायिका आणि गावाच्या नावाची व्युत्पत्ती लिहून आणतात. "आणखी माहिती कुठे मिळणार, सर?" असे विचारतात. त्यांना रामकुंडावरच्या या वह्या दाखवाव्यात असे वाटणे साहजिक आहे. पण या वह्यांवरून नाशिक शहराचा इतिहास लिहिता येईल का? हा प्रश्न जरा तपासून पाहू या. विज्ञानात निरीक्षण नोंदवताना आपण उपकरणाच्या मर्यादा आधी समजून घेतो. इतिहासाच्या साधनांनाही हीच शिस्त लावावी लागते.

वही कशासाठी लिहिली गेली?

वही लिहिणाऱ्याला आपण इतिहास लिहितो आहोत, असे वाटत नव्हते. तीर्थोपाध्यायपण ही एक वृत्ती होती, म्हणजे वंशपरंपरेने चालणारा उत्पन्नाचा हक्क. अमुक गावची अमुक घराणी आमचे यजमान, हे सिद्ध करायला पुरावा लागे. यात्रेकरूने स्वतः लिहून दिलेली नोंद हा तो पुरावा. 'आम्ही यांना तीर्थोपाध्याय मानले आहे, आमच्या वंशातील जो येईल त्याने यांनाच मानावे' अशा आशयाचे लेखही यजमान देत. दोन उपाध्यायांत तंटा झाला, तर असे लेख पुढे केले जात. भाऊ विभक्त झाले की शेतीप्रमाणे यजमानांचीही वाटणी होई. आपण जिला वंशावळ म्हणतो, ती वहीच्या मालकाच्या दृष्टीने मालमत्तेचा कागद होती.

हे समजले की वहीचे बळ कळते आणि तिचा दुबळेपणाही कळतो. नावे, नाती आणि गाव यांबाबत ती बरीच काटेकोर असते, कारण चुकीच्या नावावर हक्क सांगता येत नाही. पण घर कसे होते, धंदा काय होता, दुष्काळात काय हाल झाले, हे लिहिण्याचे तिला कारण नव्हते.

वहीतून काय काढता येते?

जुन्या नोंदी पुष्कळदा मोडी लिपीत असतात. मोडी शिकणे वाटते तितके अवघड नाही. काही महिन्यांच्या नियमित सरावाने बऱ्यापैकी वाचता येते. त्यानंतरची अडचण कालगणनेची. शके असेल तर त्यात ७८ मिळवून इसवी सन काढतात (शकाचे शेवटचे दोन-तीन महिने असतील तर ७९). मराठेशाहीतल्या सरकारी कागदांत मात्र सुहूर सन भेटतो आणि तोही अरबी शब्दांत. 'खमसैन मया व अलफ' म्हणजे पन्नास, शंभर आणि हजार, एकूण ११५०. हे वर्ष मृगाला सुरू होते. त्यात ५९९ मिळवले की १७४९ हे सुरू होण्याचे वर्ष मिळते, म्हणजे हे सन १७४९-५० झाले. अशी चार-पाच उदाहरणे फळ्यावर घातली तर गणिताच्या तासालाही चालतील.

आता समजा, शके १७४० ची, म्हणजे इ.स. १८१८ च्या सुमाराची एक नोंद मिळाली. यात्रेकरूने आपले, वडिलांचे, आजोबांचे आणि एका लहान मुलाचे नाव लिहिले आहे. यात्रेकरूचे वय ३५ च्या आसपास धरले तर त्याचा जन्म १७८३ च्या सुमारास येतो. एक पिढी २५ ते ३० वर्षांची मानली, तर आजोबांचा जन्म १७२३ ते १७३३ च्या दरम्यान येतो. हा अंदाज आहे, पुरावा नव्हे. मात्र त्याच काळातल्या दुसऱ्या कागदात तेच नाव भेटले, तर ती व्यक्ती एकच असू शकेल का, हे ठरवायला तो उपयोगी पडतो.

इथे दोन गोष्टींची सावधगिरी हवी. वही जीर्ण झाली की नवीत उतरवून काढतात आणि उतरवताना चुका होतात. म्हणून नोंद मूळची की नकललेली, हे आधी विचारावे. दुसरी गोष्ट स्त्रियांची. लग्नानंतर नाव बदलण्याची पद्धत होती, त्यामुळे माहेरची मुलगी आणि सासरची सून या एकच, हे कागदावरून जुळवणे कठीण जाते. बायकांच्या बाजूने वंशावळ मांडायला बसले की हे लगेच ध्यानात येते.

आणखी एक गंमत आहे. नाशिकच्या वह्यांत सर्वांत जास्त माहिती आहे ती नाशिकबाहेरच्या लोकांची. खुद्द नाशिककर घराण्याची अशी नोंद हवी असेल, तर ते घराणे जिथे यात्रेला गेले त्या काशी, प्रयाग, गया या ठिकाणी शोधावी लागेल. एका शहराचा इतिहास असा दुसऱ्या शहरात जाऊन बसलेला असतो.

वहीत कोण नाही?

ज्यांचे धार्मिक विधी हे उपाध्याय करीत नसत, त्यांची नावे वहीत येण्याचा प्रश्नच नव्हता. नाशिकपुरती दोन उदाहरणे पाहू.

एकोणिसाव्या शतकात नाशिकजवळ शरणपूर येथे ख्रिस्ती मिशनने वसाहत आणि शाळा चालवली. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणाऱ्या गलबतांवरून इंग्रज आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुले इथे ठेवली जात. मुले इथे शिकली, कसब शिकली आणि त्यांतले काहीजण पुढे आफ्रिकेत परतले. प्रसिद्ध प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या अखेरच्या सफरीत नाशिकला शिकलेले तरुण होते. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा त्याचा मृतदेह समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत जेकब वेनराइट हा नाशिकचा विद्यार्थी होता. त्या प्रवासाची त्याने रोजनिशी लिहिली. शवासोबत तो इंग्लंडलाही गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीला हजर राहिला. नाशिकच्या इतिहासातला हा माणूस कोणत्याही तीर्थोपाध्यायाच्या वहीत सापडणार नाही. त्याला शोधायचे तर मिशनचे अहवाल, शाळेचे दप्तर आणि चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी पाहाव्या लागतात.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी स्थानिक पातळीवर तो नेटाने चालवला. हजारो माणसे त्यात उतरली. सत्याग्रह काही वर्षे चालला, तरी दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. या माणसांचे आजोबा-पणजोबाही याच परिसरात राहत होते, याच गोदावरीकाठी वावरत होते. त्यांच्या नोंदी वेगळ्या ठिकाणी आहेत. वतनाचे कागद, जनगणनेचे तक्ते, पलटणीतल्या नोकरीची आणि निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, पोलीस दप्तर, त्या काळची वर्तमानपत्रे आणि घरोघरच्या आठवणी. केवळ वह्यांवरून शहराचा इतिहास लिहिला तर तो खोटा ठरणार नाही, पण ज्यांना दाराबाहेर ठेवले त्यांना आपण पुन्हा एकदा बाहेर ठेवू.

दगडावरचे अक्षरही तपासावे लागते

कुणी म्हणेल, वहीचे राहू द्या, दगडावर कोरलेले तर खरे असणार! नाशिकला त्याचीही परीक्षा घेता येते. शहराच्या दक्षिणेला पांडवलेणी आहेत. त्यांतल्या चैत्यगृहाच्या दारावरच्या एका लेखात नाशिकच्या लोकांनी दिलेल्या गावाच्या दानाचा उल्लेख आहे. शहराचे नाव तिथे दोन हजार वर्षांपूर्वीच्या अक्षरांत वाचायला मिळते.

तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची दोन आज्ञापत्रे आहेत. पहिले त्याच्या राज्याच्या अठराव्या वर्षाचे. उषवदाताकडे असलेली २०० निवर्तने जमीन भिक्षूंना दिल्याचे त्यात म्हटले आहे. एवढाच लेख उरला असता, तर भिक्षूंना ती जमीन मिळाली आणि ते सुखी झाले, असे आपण लिहून मोकळे झालो असतो. पण दुसरे पत्र चोविसाव्या वर्षाचे आहे आणि त्यात राजासोबत राजमातेचेही नाव आहे. ते गाव वसलेले नाही, ते शेत कसले जात नाही, म्हणून नगराच्या शिवेवरची राजाची १०० निवर्तने जमीन द्यावी, असे त्यात सांगितले आहे. पहिल्या लेखात हुकूम कळतो, प्रत्यक्षात काय घडले ते दुसऱ्यात कळते. सरकारी आदेश आणि त्याची अंमलबजावणी यांतले अंतर तेव्हाही होतेच.

त्याच लेण्यात राजमाता गौतमी बलश्री हिचा मोठा लेख आहे. स्वतःची ओळख ती राजाची आई आणि राजाची आजी अशी देते, म्हणजे ही एक छोटी वंशावळच झाली. आपल्या मुलाने क्षहरातांचे निर्मूलन केले, असे ती सांगते. आईने केलेली मुलाची स्तुती कितपत मानायची? याचे उत्तर एका अनपेक्षित ठिकाणी मिळाले. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे चांदीच्या तेरा हजारांवर नाण्यांचा साठा सापडला. ती सारी क्षहरात राजा नहपान याची नाणी, आणि त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा ठसा उमटवलेला! लेख आणि नाणी यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, तरी साक्ष एकच निघाली. दोन स्वतंत्र साधने जुळली की विश्वास वाढतो, हा नियम प्रयोगशाळेतला तसाच इतिहासातला.

शाळेच्या कपाटात

आपल्या गावात लेणी नसतील, तीर्थक्षेत्रही नसेल. पण शाळा जुनी असेल तर तिचे जनरल रजिस्टर कपाटात असते. मुलाचे नाव, जात, जन्मस्थान, आधीची शाळा, शाळा सोडल्याचे कारण, इतकी माहिती त्यात ओळीने असते. मुली कोणत्या वर्षापासून येऊ लागल्या? कोणत्या इयत्तेत गळाल्या? बाहेरगावची मुले कधी वाढली? हे सारे मोजता येते. पुष्कळांची जन्मतारीख एक जून का, हेही मुलांना शोधू द्या. जूनमध्ये शाळेत नाव घालताना खरी तारीख ठाऊक नसली की मास्तर ती लिहून टाकत. त्यांना वय हवे होते, तारीख नव्हे. इथेही कागद कशासाठी लिहिला हेच पुन्हा कळते.

हे कागद मेलेले नाहीत. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. त्या कामात महसुली दप्तरांसोबत जुन्या शालेय नोंदीही तपासल्या गेल्या आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. शंभर वर्षांपूर्वी एखाद्या मास्तरांनी घाईत लिहिलेला एक शब्द आज कुणाच्या तरी हक्काचा आधार ठरतो. म्हणून रजिस्टर हाताळताना काळजी घ्यावी. मुलांना आकडे मोजू द्यावेत, पण कुणाचे नाव आणि जात वर्गात वाचून दाखवू नये. पाने सैल झाली असतील तर छायाचित्रे काढून ठेवावीत. चिकटपट्टी लावू नये, तिचा डिंक कागद खातो.

मग प्रकल्प द्यावा तो असा : गावाविषयीचे एकच विधान घ्या आणि त्याला दोन वेगवेगळी साधने शोधा. प्रत्येक साधनापुढे तीन ओळी लिहा. हे कुणी लिहिले? कशासाठी लिहिले? यात कोण आलेले नाही? तिसऱ्या ओळीचे उत्तर शोधायला मुलांना वर्गाबाहेर पडावे लागेल. एखादी मुलगी आजीशेजारी बसून तिचे माहेरचे नाव विचारून घेईल. ते नाव तोपर्यंत कुठल्याच वहीत नसेल. त्या दिवशी तिच्या वहीत ते लिहिले जाईल.