वाघोऱ्याकाठचे मातृऋण

निजामी अमलात परभणी जिल्हा औरंगाबाद सुभ्यात मोडत असे, आणि अजिंठ्याची लेणीही त्याच सुभ्याच्या हद्दीत असल्यामुळे, महसुली दप्तरापुरते पाहिले तर, वाघोऱ्याच्या काठचे ते शिल्पवैभव आणि आमचा गोदातीर ही एकाच मुलुखाची ठिकाणे होती. तथापि या दोहोंचा खरा ऋणानुबंध त्या सुभ्याहून कितीतरी शतकांनी जुना आहे, आणि त्याची सनद सव्विसाव्या लेण्याच्या ओसरीच्या भिंतीवर संस्कृतात कोरलेली आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात बुद्धभद्र नामक भिक्षूने हे चैत्यगृह खोदविले. ज्याच्याशी आपले सख्य अनेक जन्मांचे आहे असे तो सांगतो, त्या अश्मकराजाच्या भव्विराज नामक अमात्याला आणि स्वतःच्या मातापित्यांना उद्देशून त्याने ते अर्पण केले. अश्मक म्हणजे मध्य गोदावरीचे खोरे, म्हणजे आमचाच टापू. बोधन ही त्याची जुनी राजधानी असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि सुत्तनिपातातील बावरी ब्राह्मणाचा निवासही अश्मकांच्या राज्यात गोदाकाठीच सांगितला आहे.

याच लेखात बुद्धभद्राने एका पूर्वसूरीचे स्मरण केले आहे. जो स्वतः कृतकृत्य झाला असूनही कृतज्ञतेने ज्याने शास्त्यासाठी शैलगृह करविले, तो स्थविर अचल. ही कृतज्ञता कोणाविषयीची, हे मात्र तो शिलालेख सांगत नाही. ते सांगतो चीनच्या सम्राटाच्या आज्ञेने सिद्ध झालेला एक ग्रंथ.

सातव्या शतकाच्या पूर्वार्धात, दुसऱ्या पुलकेशीच्या कारकिर्दीत, ह्युएनत्संग महाराष्ट्रात आला. इ. स. 645 मध्ये 657 ग्रंथ बरोबर घेऊन तो स्वदेशी परतला, तेव्हा तांग सम्राट ताइ-त्सुंग याने त्याला राज्यकारभारात पद देऊ केले. ते त्याने नम्रपणे नाकारले, परंतु पश्चिमेकडील देशांचा वृत्तान्त लिहून काढण्याची सम्राटाची इच्छा शिरसावंद्य मानली, आणि 646 मध्ये तो वृत्तान्त बारा खंडांत पूर्ण झाला. अकराव्या खंडात महाराष्ट्र आहे. येथील लोक उपकार स्मरून त्याची फेड करतात आणि अपमानाचा सूड घेतल्यावाचून राहत नाहीत, असा शेरा मारून तो पूर्व सीमेवरील डोंगररांगेकडे वळतो आणि अंधाऱ्या दरीतील एका संघारामाची कुळकथा सांगू लागतो.

अचल अर्हताची माता निवर्तल्यावर ती कोठे जन्मली याचा शोध घेता घेता तो महाराष्ट्रात आला, आणि एका गावी भिक्षेसाठी एका घरी गेला असता त्या घरची मुलगी अन्न घेऊन बाहेर आली. त्याला पाहताच तिच्या स्तनांतून दूध वाहू लागले. घरचे लोक अपशकुन म्हणून भयभीत झाले. अचलाने पूर्वजन्मीचा संबंध उलगडून सांगितला, त्या मुलीला ज्ञानप्राप्ती झाली, आणि मातेच्या उपकारांची उतराई म्हणून त्याने हा विहार उभारविला. शिलालेखातील अचल आणि चिनी ग्रंथातील अचल एकच, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. बुद्धभद्राच्या एका विशेषणात जे गोठले होते ते दीडशे वर्षांनंतरही लोकांच्या तोंडी सविस्तर वाहत होते, आणि प्रवाशाने ते टिपून घेतले, एवढाच त्याचा अर्थ.

हा वृत्तान्त चांग-आनच्या राजनगरीत कोणत्या वास्तूच्या सान्निध्यात नांदला, हेही पाहण्याजोगे आहे. इ. स. 648 मध्ये युवराज ली-चि याने, जो पुढे काओ-त्सुंग या नावाने सम्राट झाला, आपली दिवंगत माता सम्राज्ञी चांगसुन हिच्या स्मरणार्थ एक महाविहार बांधविला. ह्युएनत्संगाला तेथे आणून ग्रंथांच्या भाषांतराचे काम सोपविण्यात आले, आणि त्याने आणलेल्या पोथ्या व मूर्ती जतन करण्यासाठी 652 मध्ये तेथेच एक मनोरा उभा राहिला, जो शीआन शहरात अद्याप उभा आहे. वाघोऱ्याच्या काठी भिक्षूने आणि चिनी राजधानीत राजपुत्राने, एकाच मातृऋणापोटी, विहार उभारावे, आणि दोहोंच्या मधला दुवा एक यात्रेकरू व्हावा! अचलाची कथा लिहिणाऱ्या ह्युएनत्संगाला या विहारात प्रवेश करताना ती आठवली नसेल, हे मला संभवनीय वाटत नाही.

ह्युएनत्संगाने दिलेली सर्वच मापे मात्र प्रमाण मानता येणार नाहीत. सत्तर फुटांहून उंच बुद्धमूर्ती आणि तिच्यावर आधारावाचून अधांतरी लोंबणारी सात पाषाणछत्रे अजिंठ्यात कोठे नाहीत. पण दाराबाहेर डावी-उजवीकडे एकेक दगडी हत्ती असल्याचे तो लिहितो, आणि ते कधी गर्जतात तेव्हा भूमी हादरते असे लोक म्हणतात अशी पुस्ती जोडतो. नदीपात्राकडून सोळाव्या लेण्याकडे चढणाऱ्या पायऱ्यांपाशी असे दोन हत्ती आजही समोरासमोर आहेत. इ. स. 1819 मध्ये शिकारीस निघालेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अंमलदाराला ही लेणी दिसली, तेव्हा त्यांचा इतिहास सांगणारे जवळपास कोणी नव्हते. चिनी ग्रंथ युरोपात भाषांतरित झाल्यावर आणि सव्विसाव्या लेण्यातील अक्षरे वाचली गेल्यावरच अचलाचे नाव दोन्हीकडून जुळले.

अजिंठ्यास जाणारे आमच्याकडील बहुतेक यात्रेकरू पहिल्या-दुसऱ्या लेण्यांतील चित्रे पाहून तृप्त होतात, किंवा सव्विसाव्या लेण्यात पहुडलेल्या विशाल तथागतमूर्तीपुढे हात जोडून परततात. आत शिरण्यापूर्वी ओसरीच्या भिंतीपाशी त्यांनी क्षणभर थांबावे, कारण तेथे आमच्या गोदाखोऱ्यातील एका अमात्याचे नाव कोरलेले आहे आणि त्याच्या शेजारी अचलाचे.