बॅटरीपासून केबिनपर्यंत चार मीटर

या ट्रकचा नंबर विचारू नका. वर्कशॉपात आणि धाब्यावर पुन्हा पुन्हा दिसणारे प्रकार इथे एकाच गाडीवर, एप्रिलच्या एकाच दिवसावर चढवले आहेत. माल उन्हाळ कांदा, पिंपळगाव बसवंत ते वाशी.

सकाळी ९. सतरा तास बाकी
नाशकात आडगावच्या ट्रक टर्मिनलजवळ मिस्त्रीच्या टपरीसमोर गाडी लागते. २०२५ मध्ये नव्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली. ही गाडी त्याआधीची. म्हणून छतावर २४ व्होल्टचा एसी, सीटमागे इन्व्हर्टर आणि त्यावर इंडक्शन शेगडी. केबिनमधली गॅसची टाकी जाणार म्हणून शेठ खूश आहे. आगीची भीती मिटली!

सकाळी १०
हिशेब सोपा आहे, फक्त कुणी मांडत नाही. एसीला ३५ अँपिअर. १५०० वॅटच्या शेगडीला २४ व्होल्टवर साडेबासष्ट, इन्व्हर्टर स्वतः खातो ते धरून ७०. एकूण १०५. गाडीचा अल्टरनेटर ४५ अँपिअरचा, तोही इंजिन रेसवर असताना. बाकीचं बॅटऱ्यांनी पुरवायचं. मिस्त्री म्हणतो, "उस्ताद, बॅटऱ्या नव्या आहेत, काही होत नाही."

सकाळी ११:३०
खरी गोम इथे आहे. या लोडला निदान ३५ चौरस मिलिमीटरची केबल हवी. मिस्त्रीकडे घरगुती वायरिंगची ६ ची वायर आहे, तीच तो बॅटरीपासून केबिनपर्यंत ओढतो. चॅसीच्या भोकातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट नाही. पत्र्याची कड थेट वायरला भिडते. पुढे ती डिझेलच्या पाइपला टायने बांधली जाते, लोंबकळू नये म्हणून. आणि फ्यूज? फ्यूज आहे, १०० अँपिअरचा, चांगल्या कंपनीचा, पण इन्व्हर्टरशेजारी, हात सहज पोचेल असा. फ्यूज त्याच्या पुढच्या वायरला वाचवतो. मागे बॅटरीपर्यंतची चार मीटर वायर उघड्यावर पडली. तोच फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपाशी बसवला असता, त्याच पैशात, तर हा घटनाक्रम इथेच संपला असता.

दुपारी १
टेपसाठी १२ व्होल्ट हवेत. कन्व्हर्टरचा खर्च नको म्हणून दोनपैकी एकाच बॅटरीवरून लाइन घेतली जाते. ती बॅटरी कायम अर्धपोटी राहणार, दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उडवणार. आजच्या आगीशी याचा संबंध नाही, पण मिस्त्रीचा हात कळावा.

संध्याकाळी ५
पिंपळगावला गोण्या भरतात.

रात्री ९:३०. साडेचार तास बाकी
धाब्यावर एसी चालू ठेवून क्लीनर शेगडी लावतो. इंजिन आयडलवर, हेडलाइट मंदावतात. ६ ची वायर ऊन होते, तिचं पीव्हीसी मऊ पडतं. भोकाच्या कडेवर ती किंचित दबते. फ्यूज शाबूत आहे आणि असायलाच हवा, कारण फिरतोय तो करंट त्याच्या लेखी जेमतेम जास्त आहे. असा फ्यूज तासन्‌तास तग धरतो.

रात्री १२:१५
इगतपुरी मागे पडते. कसारा घाट. उतारावर प्रत्येक खड्ड्याला चॅसी हादरते आणि कड मऊ प्लॅस्टिकमध्ये थोडी आणखी रुतते. क्लीनर म्हणतो, "उस्ताद, जळल्याचा वास येतोय." उस्ताद हसतो. कसाऱ्यात भरल्या गाडीला ब्रेक लायनरचा वास येणारच. चूक म्हणावी अशी चूक नाही ही. त्या उतारावर शंभरातले नव्व्याण्णव ड्रायव्हर हेच म्हणतील.

रात्री १:४०
खर्डीच्या पुढे गाडी बाजूला लागते. इंजिन बंद, एसी चालू. चहासाठी शेगडीही.

रात्री २
कड तांब्याला लागते. शॉर्ट चॅसीवर झाला आहे, फ्यूजच्या अलीकडे. त्याच्यातून काहीच जात नाही. दोन बॅटऱ्या हजार अँपिअरच्या घरात करंट ओततात. काही सेकंदांत वायर लाल होते, टाय वितळतात, डिझेलचा नायलॉनचा पाइप भोक पडून पाझरू लागतो.

रात्री २:०१
दोघंही उड्या टाकून बाहेर. बॅटरीला कटऑफ स्विच नाही. टर्मिनल सोडवायला पाना हवा. पाने केबिनमध्ये, आग विझवायचा सिलिंडरही केबिनमध्ये.

दुसऱ्या दिवशी दुपारी
विमा सर्व्हेअर चॅसीच्या भोकाशी उकिडवा बसतो. वायरच्या टोकाला मोहरीएवढा तांब्याचा गोल मणी आहे, शॉर्टची खूण. तो फोटो काढतो. मग शेठला विचारतो, एसी आणि इन्व्हर्टर पॉलिसीत नोंदवून जादा हप्ता भरला होता का, आणि वायरिंगचं बिल कुठे आहे. शेठ मिस्त्रीला फोन लावतो.