निवृत्तीनंतरचा दिवस : रियासतकारांचे उदाहरण

चाकरी संपली म्हणजे मनुष्य मोकळा झाला, अशी आपणां मध्यमवर्गीयांची समजूत असते. परंतु त्या मोकळेपणाबरोबर जो आखा दिवस हाती येतो त्याचे करावयाचे काय, ह्या प्रश्नाला आपल्या परंपरेत तयार उत्तर नाही. कारण हा प्रश्नच मुळी नवा आहे.

नागपूर–अमरावती रस्त्यावरील तळेगाव (श्यामजी पंत) घ्या, अथवा वर्धा जिल्ह्यातील दुसरे कोणतेही कापूसपिकाचे गाव घ्या. तेथील शेतकरी एका दिवसात निवृत्त होत नाही. आधी वखर मुलाच्या हाती जातो, मग तिफण. म्हातारा गुरांकडे पाहतो, बियाणे निवडतो, जागलीला बसतो. शक्ती ओसरेल तसतसे काम हलके होते, परंतु दिवसाचा सांगाडा मोडत नाही. जुन्या वतनदारीतही कुलकर्ण्याची लेखणी बापाकडून मुलाकडे अशीच हळूहळू सरकत असे. काल सायंकाळपर्यंत ज्याच्या सहीवाचून कागद हलत नव्हता, तो आज सकाळी बिनकामाचा, हा चमत्कार पगारी नोकरीबरोबर आला. इंग्रजी अमदानीत सरकारी चाकरीस साधारणतः ५५ व्या वर्षाची मर्यादा पडली, आणि शेतकऱ्याच्याच गावात राहणारा शिक्षक किंवा कारकून एका ठराविक तारखेस घरी बसू लागला. पेन्शनने त्याच्या पोटाची तरतूद केली. दिवसाची तरतूद मात्र ज्याची त्यानेच करावयाची होती.

ती ज्यांनी उत्तम केली असे पुरुष महाराष्ट्रात थोडे नाहीत. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८९३ साली डेक्कन कॉलेजातून निवृत्त झाले, आणि वैष्णव व शैव पंथांवरील त्यांचा सुप्रसिद्ध ग्रंथ त्यानंतर २० वर्षांनी, १९१३ साली बाहेर पडला. धोंडो केशव कर्वे ह्यांनी १९१४ साली फर्ग्युसन कॉलेज सोडले व १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले. परंतु आमच्या प्रश्नावर सर्वांत अधिक प्रकाश पाडणारे चरित्र रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांचे होय.

सरदेसाई १८८९ साली बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या सेवेत शिरले. महाराजांना ग्रंथ वाचून दाखविणे, राजपुत्रांना शिकविणे, ही त्यांची कामे. शिकविण्याच्या निमित्ताने जी टिपणे होत गेली त्यांतूनच रियासतींचा उगम झाला : १८९८ साली मुसलमानी रियासत, १९०२ साली मराठी रियासतीचा पहिला भाग. दरबारी चाकरी ही दुसऱ्याच्या घड्याळावर चालणारी. तीतून उरलेल्या वेळात त्यांनी स्वतःचा असा एक दुसरा दिवस उभा केला होता. १९२५ साली, वयाच्या साठीला, चाकरीचा दिवस मावळला तेव्हा हा दुसरा दिवस शिल्लक होता. पुण्या-मुंबईच्या लोहमार्गावरील कामशेत ह्या लहानशा गावी ते येऊन राहिले. श्यामकांत ह्या तरुण पुत्राच्या मृत्यूचा घाव त्याच सुमाराचा. अशा वेळी पुष्कळ माणसे हातपाय गाळून बसतात, आणि त्यांना कोणी नावे ठेवू नयेत.

सरदेसायांना कामाने उभे ठेवले. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधून पडले होते. त्यांतून निवडक कागद छापण्याचे काम मुंबई सरकारने त्यांजवर सोपविले, आणि १९३० पासून १९३४ पर्यंत ४५ खंड बाहेर पडले. म्हणजे सरासरीने वर्षाला ९. पासष्टीच्या घरातील माणसाने अंगावर घेतलेला हा भार होता. मंडळी खूश होती असेही नव्हे. पुण्याच्या कित्येक संशोधकांस ही नेमणूक रुचली नाही व त्यांच्या पद्धतीवर कडक टीका झाली. तरी काम थांबले नाही. पुढे १९४६ ते १९४८ ह्या काळात मराठ्यांचा नवा इतिहास त्यांनी इंग्रजीत तीन खंडांत प्रसिद्ध केला. तिसरा खंड निघाला तेव्हा ते त्र्याऐंशी वर्षांचे होते. १९५९ साली, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, ते वारले.

ह्यात दुसरीही एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. १९०४ च्या सुमारास जदुनाथ सरकारांशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि तो पन्नास वर्षांवर टिकला. कामशेतच्या एकांतात बसलेल्या ह्या वृद्धाच्या पत्राची बंगाल्यात कोणी तरी वाट पाहत होते; त्याच्या चुका दाखविणारे व नवे कागद मागणारे कोणी तरी होते. कचेरीतील साहेबाच्या जागी स्नेही आला, एवढाच फरक. ज्याची कोणीच वाट पाहत नाही असे काम फार दिवस चालत नाही, असे आम्हांस वाटते.

कोणी म्हणेल, प्रत्येकाच्या वाट्याला पेशवे दफ्तर येते काय? येत नाही, आणि यावयास नकोही. परंतु आपल्या घरांत काय घडते ते पाहावे. यजमान निवृत्त होतात, वर्तमानपत्र नवाच्या आत संपते, आणि मग ते स्वयंपाकघरात डोकावून डाळीच्या खर्चाची चौकशी आरंभितात. ज्या गृहिणीला कोणत्याही वयात पेन्शन नाही, तिच्या दिवसावर हा नवा अंमल बसतो. घरातील पुष्कळसे कलह स्वभावदोषाचे नसून रिकाम्या दिवसाचे असतात. गावच्या ग्रंथालयाची यादी नीट करणे, जुने घरगुती कागद लावून ठेवणे, शेजारच्या चार मुलांचे गणित पक्के करून घेणे, ही कामे लहान खरी. तथापि त्यांना ठरलेली वेळ असते आणि कोणी तरी ती आपल्याकडून मागत असते. दिवस उभा राहण्यास तेवढे पुरते.

म्हणून निवृत्तीची तयारी पेन्शनच्या अर्जाने सुरू होत नाही. ती भर चाकरीत, रोजच्या एका राखून ठेवलेल्या तासाने सुरू होते. तळेगावचा शेतकरी तिफण खाली ठेवण्यापूर्वीच पुढचे हलके काम हाती घेतो. पगारी माणसाने त्याच्यापासून एवढे शिकावे.