प्लितवित्सेची सोळा सरोवरे

क्रोएशिया म्हटले की पर्यटकांच्या डोळ्यांसमोर येतो तो एड्रियाटिक समुद्र आणि दुब्रोव्हनिकची तटबंदी. या देशाचे सर्वांत विलक्षण निसर्गलेणे मात्र समुद्रापासून दूर, डोंगराळ अंतर्भागात दडलेले आहे. राजधानी झाग्रेबपासून सुमारे १३० किलोमीटरवर, बीच आणि फर वृक्षांच्या दाट अरण्यात, एकाखाली एक अशी सोळा सरोवरे उतरत जातात. सर्वांत वरचे प्रोश्चान्स्को सरोवर समुद्रसपाटीपासून ६३६ मीटरवर, तर सर्वांत खालचे नोवाकोविचा ब्रोद ५०३ मीटरवर आहे. जेमतेम आठ किलोमीटरच्या वाटेत पाणी १३३ मीटर खाली येते आणि या प्रवासात असंख्य लहानमोठ्या धबधब्यांवरून उड्या घेते. हेच प्लितवित्से राष्ट्रीय उद्यान. ८ एप्रिल १९४९ रोजी स्थापन झालेले हे क्रोएशियातील सर्वांत जुने आणि सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान होय. १९७९ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

जगात याहून उंच धबधबे आणि याहून विस्तीर्ण सरोवरे पुष्कळ आहेत. प्लितवित्सेचे वेगळेपण त्याच्या आकारात नाही. इथली धरणे निसर्गाने बांधली आहेत आणि त्यांचे बांधकाम अजून थांबलेले नाही, हे ते वेगळेपण. हा सारा प्रदेश चुनखडीचा. पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, किंचित आम्लधर्मी होते आणि वाटेतला चुनखडक विरघळवत पुढे जाते. झऱ्यांवाटे वर आलेले हे क्षारयुक्त पाणी खडकावरून खळाळत पडू लागले की त्यातला वायू हवेत निसटतो. मग विरघळलेला चुना पाण्यात राहू शकत नाही. पाणी उकळण्याच्या भांड्याला आतून पांढरा थर धरतो, त्यामागेही असेच रसायन असते. प्लितवित्सेत मात्र हा थर बसायला शेवाळ आणि सूक्ष्म जीव लागतात. धबधब्याच्या कडेला वाढणाऱ्या शेवाळावर, शैवालांवर आणि जिवाणूंच्या पातळ चिकट पडद्यावर चुन्याचे बारीक स्फटिक अडकतात. शेवाळाचा खालचा भाग दगड होऊन जातो, टोक मात्र हिरवे राहते आणि वाढत राहते. या सच्छिद्र दगडाला ‘टुफा’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इवो पेवालेक या क्रोएशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने या घडणीतला वनस्पतींचा वाटा दाखवून दिला आणि हे स्थळ जपायचे तर काय जपायला हवे, याचेही उत्तर त्यातून मिळाले.

टुफाचे बांध वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. हा वेग मनुष्याच्या नजरेला जाणवत नाही, पण शेवटचे हिमयुग संपल्यानंतरच्या उबदार काळात तेवढ्याने ही संपूर्ण रचना उभी राहिली. बांध वाढला की सरोवराची पातळी वाढते. एखाद्या ठिकाणी पाणी नवी वाट शोधते, जुना धबधबा कोरडा पडतो आणि दुसरीकडे नवा सुरू होतो. सर्वांत मोठे कोझ्याक सरोवर पूर्वी दोन सरोवरांचे होते. खालचा बांध अधिक वेगाने वाढला आणि मधला बांध पाण्याखाली गेला. तो आजही तळाशी आहे. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीचे छायाचित्र आणि आजचे दृश्य तंतोतंत जुळेलच, याची इथे खात्री नसते.

वरची बारा सरोवरे डोलोमाइट या पाणी न झिरपू देणाऱ्या खडकावर पसरली आहेत. त्यांचे काठ सौम्य आणि झाडीने वेढलेले. खालची चार चुनखडीच्या अरुंद, उभ्या कड्यांच्या घळीत आहेत. त्यांच्या शेवटी प्लितवित्सा हा ओढा ७८ मीटरवरून कोसळतो. ‘वेलिकी स्लाप’ अर्थात ‘मोठा धबधबा’ एवढेच त्याचे साधे नाव. त्याच्या पायथ्याशी सरोवरांचे पाणी ओढ्याला मिळते आणि कोराना नदीचा जन्म होतो. पाण्याचा रंग निळा, पाचूसारखा हिरवा, कधी करडा. खनिजांचे व सूक्ष्म जीवांचे प्रमाण आणि सूर्यकिरणांचा कोन यानुसार तो दिवसभरात पालटतो. लोककथा अर्थातच वेगळे कारण सांगते. भीषण दुष्काळात लोकांनी प्रार्थना केली, तेव्हा ‘काळ्या राणी’ने पाऊस धाडला आणि ही सरोवरे भरली.

सुमारे २९७ चौरस किलोमीटरच्या उद्यानात सरोवरांचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे. बाकी मुख्यतः अरण्य. तपकिरी अस्वल, लांडगा आणि लिंक्स यांचे ते घर आहे. बहुतेक पर्यटक लाकडी पुलांवरून फिरून परततात आणि हा भाग त्यांना दिसतच नाही.

या सौंदर्याला रक्ताचा डागही आहे. ३१ मार्च १९९१ रोजी, ईस्टरच्या रविवारी, उद्यानाचा ताबा घेतलेले सर्ब बंडखोर आणि क्रोएशियन पोलीस यांच्यात येथे चकमक झाली. दोन्ही बाजूंचा एकेक जण मारला गेला. क्रोएशियाच्या स्वातंत्र्ययुद्धातील हे पहिले बळी मानले जातात. त्यानंतर १९९५ च्या ऑगस्टपर्यंत हा भाग बंडखोरांच्या ताब्यात होता. युनेस्कोने १९९२ मध्ये प्लितवित्सेला धोक्यातील वारशांच्या यादीत टाकले आणि १९९७ मध्ये त्यातून बाहेर काढले.

आताचा धोका शांततेतून आला आहे. २०१८ मध्ये सुमारे १८ लाख लोक येथे आले आणि त्यातले बहुतांश उन्हाळ्याच्या मोजक्या महिन्यांत. आजूबाजूला हॉटेले व भाड्याची घरे उभी राहिली. त्यांचे सांडपाणी आणि पाण्याचा वाढता उपसा यांविषयी युनेस्कोच्या वारसा समितीनेही चिंता व्यक्त केली. ही चिंता निव्वळ स्वच्छतेची नाही. टुफा बसण्यासाठी पाणी चुन्याने अतिसंपृक्त आणि अल्कधर्मी असावे लागते, तसेच त्यातील विरघळलेला सेंद्रिय कार्बन लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा कमी असावा लागतो. सेंद्रिय द्रव्य वाढले की स्फटिक बनणेच अडते. म्हणजे मलिन पाण्याने सरोवरांचे रूपच बिघडते असे नव्हे, त्यांचे बांध वाढणेही थांबते. पोहण्यावर असलेली बंदी पाहून उन्हाळ्यात येणारे अनेक जण हिरमुसतात, पण तिचे कारण हेच आहे. गर्दी आवरण्यासाठी उद्यानाने ताशी प्रवेशसंख्येवर मर्यादा घातली असून हंगामात तिकिटे आधीच ऑनलाइन घ्यावी लागतात.

१ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेन क्षेत्रात आला आणि त्याच दिवशी तेथे युरो हे चलन लागू झाले. भारतीय प्रवाशांना आता शेंगेन व्हिसावरच येथे जाता येते. झाग्रेबहून बसने दोन ते अडीच तास लागतात. उद्यान वर्षभर खुले असते. एप्रिल-मे महिन्यांत बर्फ वितळल्याने पाणी भरपूर असते आणि ऑक्टोबरमध्ये बीचची पाने तांबूस होतात. जुलै-ऑगस्ट शक्य तर टाळावा. जाणे भागच असेल तर सकाळी दार उघडताच आत शिरावे. हिवाळ्यात धबधबे गोठतात, मात्र बर्फामुळे वरच्या सरोवरांकडील वाटा बंद असू शकतात. कोझ्याक ओलांडणारी विजेवरची बोट तिकिटातच समाविष्ट असते. तिच्यासाठी दुपारी लांब रांग लागते, म्हणून वरची सरोवरे पायी पाहून शेवटी बोटीने परतण्यापेक्षा पहाटेच्या पहिल्या फेऱ्यांत ती गाठणे सोयीचे. लाकडी वाटांना अनेक ठिकाणी कठडे नाहीत आणि फळ्या कायम ओल्या असतात, तेव्हा पायांत चांगली पकड असलेले बूट हवेत.