बॅलेची पहिली सपाता: वाशीमच्या राजाची लेणी, पावलोवाचे पाऊल आणि चाळ

#थ्रेड

मुलांसाठी पादत्राण घ्यायचे म्हणजे ते वाढत्या मापाचे घ्यावे, हा आपल्याकडचा घरोघरचा नियम. पुढे बोटभर जागा ठेवायची, म्हणजे दोन वर्षे निघतात. बॅले शिकू लागलेल्या मुलीची पहिली सपाता मात्र या नियमाने घेता येत नाही. ती पायमोज्यासारखी पायाला लगटून बसावी लागते. बोटे सरळ राहिली पाहिजेत, ती मुडपता कामा नयेत. पण पुढे मोकळी जागाही उरता कामा नये. सैल सपातेत चवडा सरकतो आणि पाऊल नीट ताणले आहे की नाही, हे शिकवणाऱ्याला दिसतच नाही.

दुसरा धक्का असा की ज्या चकचकीत साटिनच्या बुटांसाठी मुलगी हट्ट धरते, ते तिला मिळत नाहीत. तिच्या हाती येते ती मऊ चामड्याची किंवा कापडाची, टाच नसलेली, नाडीची साधी सपाता. असे का, याचे उत्तर शरीरशास्त्रात आहे तसेच इतिहासातही आहे. त्या इतिहासाचा एक धागा थेट वाशीमपर्यंत येतो.

बॅलेचा जन्म दरबारी. फ्रान्सचा राजा चौदावा लुई स्वतः नाचत असे. त्याने १६६१ मध्ये पॅरिसला नृत्याची राजकीय अकादमी स्थापन केली. त्या काळी दरबारातले नर्तक नाचत ते टाचेच्या बुटांत. १७२६ मध्ये पॅरिसच्या ऑपेरात मारी कामार्गो नावाची नर्तकी आली. तिच्या चपळ उड्या आणि पायांचे बारीक काम प्रेक्षकांना दिसावे म्हणून तिने घागरा आखूड केला आणि टाच काढून टाकली, असे परंपरेने मानले जाते. आज नवशिक्या मुलीच्या पायात जी सपाता असते, ती मूलतः याच टप्प्यावरची आहे. मऊ आणि बिनटाचेची.

अंगठ्याच्या टोकावर उभे राहणे पुढच्या शतकात आले. १८३२ मध्ये पॅरिसला ‘ला सिल्फीद’ या बॅलेत मारी तालिओनी वाऱ्यावर तरंगणारी परी झाली. तिच्या साटिनच्या सपातेत आजच्यासारखा कडक पुढा नव्हता. टोकाला व कडांना घातलेल्या टाक्यांच्या रफूचा काय तो आधार. बाकी सगळा भार तिच्या घोट्यांनी आणि पोटऱ्यांनी पेलला. बुटाचा पुढा टणक झाला तो त्या शतकाच्या उत्तरार्धात, मुख्यतः इटलीच्या कारागिरांकडून. कापड, गोणपाट आणि कागद यांचे थर खळीने चिकटवून तो घडवतात. आपल्याकडे कागदाच्या लगद्याचे मुखवटे करतात, त्याच जातीचे हे काम. पारंपरिक जोडीत डावा-उजवा असा भेदही नसतो. घालणारीच वापरून तो भेद पाडते.

थोडक्यात, बॅलेला चवड्यावरून अंगठ्यापर्यंत जायला शंभर वर्षे लागली आणि प्रत्येक मुलीला तोच प्रवास काही वर्षांत करावा लागतो. टोकाचे बूट बहुधा अकरा-बारा वर्षांच्या आधी देत नाहीत. तोवर पायाची हाडे पुरती घट्ट झालेली नसतात, आणि नुसते वय भरूनही भागत नाही. घोटा, पाठ आणि पोट यांत बळ आले की नाही, हे शिक्षक पाहतो. हौसेने आधीच विकत आणलेली जोडी शोभेची वस्तू नसून दुखापतीचे निमंत्रण असते.

आता वाशीम. हे नगर म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. द्वितीय विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ मध्ये वाशीमला उजेडात आला, तेव्हा या शाखेचे चित्र स्पष्ट झाले. याच घराण्यातला हरिषेण पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्य करीत होता. अजिंठ्याचे सोळावे लेणे त्याचा मंत्री वराहदेव याने कोरविले. तिथला लेख आजही भिंतीवर आहे. पहिले लेणेही अनेक अभ्यासक हरिषेणाच्याच काळातले मानतात. त्यात महाजनक जातकाच्या चित्रात एक नर्तकी आहे. संन्यासाकडे मन वळलेल्या राजासमोर ती नाचते आहे. कंबर एकीकडे, मान दुसरीकडे, भोवती वाद्ये वाजविणाऱ्या स्त्रिया. वाशीमच्या राजाच्या अमलातले हे नृत्य चौदाशे वर्षांहून अधिक काळ भिंतीवर थांबून राहिले.

१९२२ च्या अखेरीस रशियन नर्तकी अॅना पावलोवा आशियाच्या दौऱ्यात भारतात आली. भारताची तिला नाट्यगृहापुरती ओळख आधीच होती. पेतिपाच्या १८७७ च्या ‘ला बायादेर’ या बॅलेत देवळातल्या नर्तकीची, निकियाची, भूमिका तिने १९०२ मध्ये केली होती. म्हणजे भारत पाहण्याच्या वीस वर्षे आधी ती सेंट पीटर्सबर्गच्या मंचावर टोकाचे बूट घालून देवदासी झाली होती! तिचे पाऊल लांब, निमुळते आणि खूप कमानदार. म्हणून ती बुटात चामड्याचा कडक तळ घालून घेई. ही लबाडी आहे, अशी तेव्हा कुजबुज होती. पुढे सगळ्यांनीच तसला आधार स्वीकारला.

या दौऱ्यानंतर १९२३ मध्ये लंडनला तिने ‘अजंताज फ्रेस्कोज’ हे बॅले सादर केले. वत्सगुल्माच्या काळातली चित्रे अशा रीतीने युरोपच्या रंगमंचावर पोहोचली. पण या भेटीगाठींचा खरा परिणाम झाला तो उलट दिशेने. १९२८ मध्ये मुंबईत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी पावलोवाचा प्रयोग पाहिला. पुढे ऑस्ट्रेलियाच्या बोटीवर दोघींची गाठ पडली आणि रुक्मिणीदेवी पावलोवाच्या पथकातल्या क्लिओ नोर्दी हिच्याकडे बॅले शिकू लागल्या. विशी ओलांडलेली ही विवाहित भारतीय स्त्री, आणि पायात नवशिकीची सपाता! पावलोवानेच त्यांना आपल्या देशाच्या नृत्याकडे वळायला सुचविले. १९३५ मध्ये रुक्मिणीदेवी अनवाणी, पायांत घुंगरू बांधून, मद्रासच्या मंचावर उभ्या राहिल्या.

ही गोष्ट नेहमी ‘परदेशी बूट टाकून स्वदेशी पाऊल’ अशा सरळ रेषेत सांगतात. ती अपुरी आहे. ते अनवाणी पाऊल पिढ्यान्‌पिढ्या देवदासी घराण्यांतल्या स्त्रियांचे होते आणि त्याच सुमारास त्यांच्यावर लाजेचा शिक्का बसत होता. प्रतिष्ठित कुळातली स्त्री तेच नृत्य करू लागली, तशी त्याची ‘कला’ झाली. महाराष्ट्राला हे परके नाही. लावणी नाचणाऱ्या बाईच्या पायातल्या घुंगरांना मराठीत चाळ म्हणतात, आणि ‘पायात चाळ बांधली’ हे वाक्य किती घरांत शिवीसारखे उच्चारले गेले, ते तमाशाच्या इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहे. सपातेचे माप चुकले तर दुकानात बदलून मिळते. चाळ बांधलेल्या पायाला समाजाने तेवढीही सवलत दिली नाही.

आज बॅले शिकू पाहणाऱ्यासाठी व्यवहाराच्या गोष्टी थोड्याच. लहान मुलाला अखंड तळाची सपाता बरी, कारण तिचा तळ दाबताना पावलाला काम करावे लागते. मधोमध तुटलेल्या तळाची सपाता सरावलेल्या पायाला शोभते. चामडे टिकते, कापड धुता येते. नाडी आवळायची ती कड बसण्यापुरती, गाठ आत खोचायची. मुलगे सहसा मऊ सपातेतच पुढे शिकत राहतात. उशिरा सुरुवात करणाऱ्यांनाही हीच सपाता. मुंबईच्या टॅक्सीचालकाचा मुलगा मनीष चौहान विशीत बॅलेकडे वळला आणि ‘ये बॅले’ या २०२० च्या चित्रपटात त्याने स्वतःचीच भूमिका केली.

टोकाच्या बुटांना फिती बहुधा शिवलेल्या नसतात. आपल्या घोट्याची जागा पाहून नर्तकीने त्या स्वतः टाकायच्या असतात. कथकातही घुंगरू पहिल्या दिवशी मिळत नाहीत. आधी अनवाणी पायाने ततकार घोटावा लागतो. मग दोरीत एकेक घुंगरू ओवून, दर घुंगरामागे गाठ मारत माळ तयार होते. हे काम पुष्कळदा शिकणारी मुलगी घरी बसून स्वतःच करते.