शिक्षा म्हणून सेवा

उर्दूतले ‘वकील’ आणि ‘मुवक्किल’ हे शब्द एकाच अरबी धातूचे. काम ज्याच्यावर सोपवलं तो वकील, सोपवणारा मुवक्किल. मराठीत आपण त्याला अशील म्हणतो. म्हणजे वकिलाच्या हाती दिलेला कागद ही अमानतच. त्या अमानतीत खयानत झाली तर वकिलाला शिक्षा काय, हा प्रश्न १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आला. रंगदुराई खटला.

मद्रासच्या एका बहिऱ्या, वृद्ध गृहस्थाने आणि त्याच्या पत्नीने दोन प्रॉमिसरी नोटा वकिलाकडे दिल्या. एक १५,००० रुपयांची, दुसरी ५,००० ची. वकिलाने दावे लावलेच नाहीत. तारखा मात्र सांगत राहिला आणि शेवटी निकाल तुमच्या बाजूने लागला असंही सांगितलं. सगळं खोटं! अशा दाव्याची मुदत ३ वर्षं असते, हे वकिलाला वेगळं सांगावं लागत नाही.

राज्याच्या बार कौन्सिलने त्याला ६ वर्षं वकिली करायला मनाई केली. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ती १ वर्षावर आणली. १९६१ च्या वकील कायद्यात दोषी वकिलासाठी ताकीद, निलंबन किंवा नाव कमी करणं एवढंच आहे, परिविक्षा नाही. न्या. कृष्ण अय्यर यांनी निलंबनातूनच वाट काढली. निलंबन १४ ऑगस्ट १९७९ पर्यंत, वृद्धाला २,५०० रुपये, आणि पुढे वर्षभर तामिळनाडूत गरिबांसाठी मोफत वकिली. मोफत कायदेशीर मदतीवरच्या समितीचे ते अध्यक्ष होते. तिचा अहवाल १९७३ चा. त्यामुळे हे त्यांना सुचणं साहजिक होतं.

आम्हा शिक्षकांची परिविक्षा नोकरीच्या सुरुवातीला असते, इथे ती अपराधानंतर आली. माणूस सुधारावा ही कल्पना मला पटते. पण आमच्याकडे कुणाला ‘धडा शिकवायचा’ म्हणून दुर्गम शाळेत पाठवतात, तेव्हा तिथल्या पोरांनी काय गुन्हा केलेला असतो? अशिलाला फसवलेला वकील ज्या गरिबांच्या वाट्याला गेला, त्यांना कुणी विचारलं होतं?

याच खंडपीठातल्या न्या. ए. पी. सेन यांना ही सवलत मान्य नव्हती. इतक्या गंभीर विश्वासघातानंतर शिक्षा सौम्य करायला नको, असं वेगळं मत त्यांनी नोंदवलं. मी त्यांच्या बाजूचा आहे. २०,००० च्या नोटा सोपवणाऱ्या म्हाताऱ्यासाठी त्या निकालात २,५०० रुपयेच होते.